सोमवार, संध्याकाळी सहापर्यंत

मी मिरजेची. त्यामुळे मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी दवाखाना येतो. विल्यम वानलेस या मूळच्या कॅनडाच्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. आमच्या घरातली निम्मी माणसं तिथेच जन्मली. मिशनरी म्हणजे वयस्क, चष्मेवाला, गळ्यात स्टेथोस्कोप आणि तोंडात मायेचं, जरा वाकडं मराठी, असा माझा लहानपणापासूनचा समज. कोबेला राहायला आल्यावर ओठावर धड मिसरूड न फुटलेली दोन पोरं दारात उभी राहिली आणि जपानीत म्हणाली, ‘आम्ही मिशनरी आहोत.’ मला हसूच आलं.

पांढरा शर्ट, टाय, काळी पँट, छातीवर काळी पाटी, पाठीला सॅक आणि काखेत सायकलचं हेल्मेट. जपानमध्ये थोडे दिवस काढलेल्या कुणालाही ही जोडी लांबून ओळखू येते. जगभर लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. चर्चला मात्र आपलं पूर्ण नाव घेतलेलं आवडतं: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. स्थापना १८३० ची, अमेरिकेत. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. त्यांचे सत्तर हजारांहून जास्त प्रचारक एकाच वेळी जगभर फिरत असतात आणि त्यातले बहुतेक कॉलेजच्या वयाचे. मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष. मुलांना पूर्वी एकोणीस पूर्ण व्हावी लागत, मुलींना एकवीस. २०१२ मध्ये ही अट खाली आणून अठरा आणि एकोणीस केली. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नसतं. अर्ज करायचा, मग चर्चकडून कळतं: ब्राझील, घाना, नाही तर कोबे.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चर्चने फ्लॅट भाड्याने घेतला आहे. त्यात जोड्या बदलत राहतात. त्या वेळी होते ते थोरला आणि धाकटा, निदान आमच्या घरात तरी ते याच नावांनी ओळखले जात. थोरला आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, वीस वर्षांचा आणि इतका उंच की आमच्या लिफ्टमध्ये मान तिरकी करून उभा राहायचा. धाकटा युटाचा, नुकताच आलेला. दारात कुणी आलं की आपण आधी काय म्हणतो? आत या, चहा घ्या. मी तेच म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि थोरला फार अदबीने म्हणाला, की दोन्ही जमणार नाही.

आत न येण्याचं कारण, मी घरात एकटी होते. परक्या बाईच्या घरात, दुसरा पुरुष हजर नसेल तर, त्यांनी पाऊल टाकायचं नाही. आणि चहा त्यांना वर्ज्य आहे. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा, चारही बंद. १८३३ सालच्या एका साक्षात्काराचा हा आदेश मानला जातो. बिनदुधाचा हिरवा चहासुद्धा त्यात येतो, असं चर्चने २०१९ मध्ये आणखी स्पष्ट केलं. अमेरिकेत ठीक आहे, पण जपानमध्ये कुणाच्याही घरी, दुकानात, अगदी न्हाव्याकडे गेलं तरी पुढ्यात हिरव्या चहाचा पेला येतो आणि तो नाकारणं म्हणजे यजमानाला नाकारणं. या पोरांनी त्यावर तोडगा काढलाय, मुगिचाचा. भाजलेल्या सातूचं थंड पाणी ते. नाव चहाचं, पण चहाची पत्ती नाही. मी कोकम सरबत आणून दारातच दोघांच्या हाती दिलं. धाकट्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं झालं ते सरळ केलं आणि ग्लास संपवला. दिलेलं संपवायचं, हे त्यांच्या अंगात चांगलंच भिनवलेलं असतं.

पुढे नवरा घरी असताना शनिवारी दुपारी ते पोहे खायला आले. धाकट्याने कढीपत्त्याचं एकेक पान नीट चावून गिळलं. थोरल्याने एव्हाना कुठल्याशा बांगलादेशी घरात जेवून कढीपत्ता बाजूला काढायचं शिकून घेतलं होतं, पण तो गप्प राहिला आणि मजा बघत बसला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, ही आपल्यासारखीच पोरं आहेत.

माझा मुलगा तेव्हा सतराचा. त्याने पहिला प्रश्न टाकला, ‘पगार किती?’ उत्तर ऐकून त्याचा घास हातातच राहिला. पगार नाही. उलट पैसे यांनीच भरायचे. अमेरिकेतल्या मुलांसाठी कित्येक वर्षं महिना ४०० डॉलर हा आकडा होता, २०२० मध्ये तो ५०० झाला. सगळ्यांचे पैसे एकत्र गोळा होतात आणि ज्या त्या देशाच्या खर्चाप्रमाणे परत वाटले जातात. त्यामुळे स्वस्त देशात गेलेला आणि जपानमध्ये आलेला, दोघांचं घरचं ओझं सारखंच. धाकट्याने पिझ्झाच्या दुकानात काम करून थोडे साठवले होते, बाकीचे आजोबांनी घातले. महिन्याला खर्चायला मिळतात ते इतके बेताचे, की दोघेही ‘ग्योमु सुपर’चे भक्त. घाऊक मापात स्वस्त सामान विकणारं ते दुकान; तिथून पाच किलो तांदूळ, दोन किलोच्या गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्या आणि शेंगदाण्याचं लोणी मिळेल तिथून. त्यावर आठवडा.

आता सोमवार. आठवड्यातला हा एकच दिवस त्यांचा स्वतःचा आणि तोही अर्धामुर्धा. इंग्रजीत त्याला तयारीचा दिवस म्हणतात आणि नावाप्रमाणे त्यात तयारीच जास्त असते. सकाळी सातच्या सुमारास दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पांढऱ्या शर्टांची रांग लागते. कॉलर घासण्यासाठी धाकट्याने जुना टूथब्रश वापरायचं तंत्र बसवलं होतं. आमच्या शेजारच्या जपानी आजी ते खालून बघायच्या आणि मान डोलावायच्या. मग खोली झाडणं, सायकलच्या साखळीला तेल, केस कापणं (थोरला मशीन फिरवायचा, धाकट्याचं डोकं बघून कळायचंच), वाणसामान आणि घरी पत्र, म्हणजे ईमेल. आणि फोन.

फोनची गोष्ट जरा सांगायलाच हवी. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा होती: नाताळला आणि मदर्स डेला. दोन वर्षांत चार फोन. त्यानंतर नियम सैल झाला, आता दर आठवड्याला व्हिडिओवर बोलता येतं. कोबेत सोमवारी सकाळी नऊ वाजले की युटात रविवारची संध्याकाळ असते, सगळं घर जेवून उठलेलं. धाकट्याच्या आईने एकदा फोनवर त्याचं डोकं पाहिलं आणि कुणी कापलं म्हणून विचारलं. हे त्यानेच सांगितलं, हसत. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मिशनरीचं मत उलट होतं: आठवड्याला फोन सुरू झाल्यापासून पोरं घर सोडून आलेलीच नसतात. मला ते पटत नाही. ज्या नियमाने त्या वयाच्या पोराला आईचा आवाज ऐकायला वर्षातून दोन दिवस मिळायचे, त्यात कसला थोरपणा होता?

दुपारनंतर हिंडणं. कोबे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यात चेपून बसलेलं लांबट शहर आहे. इथे पत्ता सांगताना लोक उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत, ‘डोंगराच्या बाजूला’ आणि ‘समुद्राच्या बाजूला’ म्हणतात. शिन-कोबे स्टेशनच्या मागून पायवाट धरली की पंधरा-वीस मिनिटांत नुनोबिकीचा ४३ मीटरचा धबधबा. रोक्को डोंगर ९३१ मीटर. तिथवर चढून गेलं की ओसाकाच्या आखातापर्यंत सगळं दिसतं. आजूबाजूच्या भागातल्या आणखी दोन-तीन जोड्या येऊन मिळतात, चर्चच्या हॉलमध्ये बास्केटबॉल होतो, नाही तर हिमेजीचा पांढरा किल्ला, पण लांब जायचं तर आधी परवानगी. टाय नाही, छातीवरची पाटी बहुतेक वेळा असतेच. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींबरोबर फिरणं तर नाहीच. आणि जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा, न्हाणीघर सोडलं तर कुठेही.

एका जुलैच्या सोमवारी आम्ही सुमाच्या किनाऱ्यावर गेलो होतो. कोबेतल्या लोकांचा हा उन्हाळ्यातला अड्डा. वाळूत पाय ठेवायला जागा नसते. तिथे हे दोघे भेटले. बूट घालून वाळूत उभे. मिशनवर असेपर्यंत पोहायचं नाही, हा नियम. धाकटा शाळेच्या पोहण्याच्या संघात होता म्हणे. माझा मुलगा पाण्यात शिरला, परत आला, पुन्हा शिरला. धाकटा कडेने चालत राहिला आणि एक लाट जरा पुढे आली तेव्हा त्याने बूट वाचवायची फारशी घाई केली नाही. पाच वाजता दोघे घाईघाईने स्टेशनकडे पळाले. कारण सोमवार फक्त संध्याकाळी सहापर्यंत असतो. सहा वाजता टाय चढतो आणि काम सुरू होतं.

काम म्हणजे काय, तर मुख्यतः नकार ऐकणं. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग धर्मग्रंथाचा आणि जपानीचा अभ्यास, साधारण दहाच्या सुमाराला बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरी, साडेदहाला दिवा बंद. मधले अकरा-साडेअकरा तास सायकल आणि दारं. जपानी इमारतीत दार उघडतच नाही कुणी. बेल दाबली की छोट्या पडद्यावर आतल्या माणसाला बाहेरचा चेहरा दिसतो. आमच्या मजल्यावर ते एकदा फिरत होते तेव्हा मी जिन्यात उभी राहून पाहिलं: थोरला बेल दाबतो, दोघे कॅमेऱ्यापुढे कमरेत वाकतात, थोरला एक वाक्य बोलतो, आतून बाईचा मंजुळ आवाज येतो, ‘केक्को देस’, म्हणजे नको, राहू दे. दोघे पुन्हा वाकतात. बंद दारापुढे, बंद झालेल्या पडद्यापुढे. मग पुढचं दार. रागवारागवी नाही, उर्मट बोलणं नाही. मला वाटतं, मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत वॉचमनने हाकललं असतं तर त्यांना ते सोपं गेलं असतं.

जपानी माणूस धर्म म्हटलं की दार लोटून घेतो, याला कारणं आहेत. १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने आईचा पैसा एका चर्चने लुबाडल्याचा राग सांगितला. ते चर्च वेगळं, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण दारामागच्या बाईला तो फरक कोण समजावणार? ख्रिस्ती लोक जपानमध्ये जेमतेम एक टक्का, सगळे पंथ धरून.

आणि हे आजचं नाही. या चर्चचे पहिले चार प्रचारक १९०१ मध्ये योकोहामाला उतरले. प्रमुख होता हीबर ग्रँट, पुढे तो अख्ख्या चर्चचा अध्यक्ष झाला. त्याच्याबरोबर अल्मा टेलर नावाचा मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, आपल्या धाकट्याच्या वयाचा. ग्रँट दोन वर्षांनी परतला. टेलर राहिला १९१० पर्यंत! पोराचा तरुण माणूस झाला तो जपानातच. त्याने मॉर्मन ग्रंथाचं जपानी भाषांतर केलं, ते १९०९ मध्ये छापून आलं. एवढं करूनही १९२४ मध्ये चर्चने जपानचं मिशन बंद केलं, तेव्हा तेवीस वर्षांच्या खटपटीतून बाप्तिस्मा घेतलेले लोक दोनशेसुद्धा भरत नव्हते. युद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरुवात झाली.

आपल्याकडेही हे येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला. लष्कराच्या छावणीत प्रचार करायला साहेबांनी मनाई केली; म्हणजे गोऱ्याला गोऱ्यानेच हाकललं. तरी त्याने मूठभर माणसं जमवली, मराठी शिकायलाही बसला. दशक संपायच्या आत सगळं आवरलं गेलं आणि पुण्याला त्याची गंधवार्ताही उरली नाही. वानलेसचं हॉस्पिटल उरलं, मुंबईत विल्सन या मिशनऱ्याचं कॉलेज उरलं. शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर करतात, असा आरोप आपण मिशनऱ्यांवर करत आलो. या पोरांजवळ आड काहीच नाही. सरळ येतात, सांगतात, पुस्तक घ्या म्हणतात. मीही त्यांना सरळ सांगितलं: माझे देव मला पुरतात, पोह्यांना मात्र कधीही या.

बुधवारची संध्याकाळ त्यातल्या त्यात सुखाची. चर्चच्या इमारतीत फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो. जपानभर यांची सगळ्यात चालणारी गोष्ट हीच असावी. शेजारच्या आजी मला एकदा घेऊन गेल्या. दहा-बारा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. त्या दिवशी विषय होता ‘माझा आवडता प्रवास’. एक आजोबा खिशातून घडी केलेला कागद काढून होक्काइदोवर बोलले, धाकटा मन लावून ऐकत होता आणि चुका दुरुस्त करताना आधी ‘उत्तम’ म्हणत होता. शेवटची दहा मिनिटं येशूविषयी. तेव्हा आजींनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकली, मलाही एक दिली. कित्येक वर्षं त्या या वर्गाला जातात. चर्चमध्ये यायचा त्यांचा काडीचाही विचार नाही, हे आजींना ठाऊक, पोरांना ठाऊक. पण आजींची कपाटं हलवायची होती तेव्हा हेच दोघे बाह्या सरसावून आले; आणि थोरल्याचं जपानी पहिल्या महिन्यांत ज्यांनी घडवलं त्याही आजीच. ‘विनंती करताना असं नाही, असं म्हणायचं,’ म्हणून त्यांनी त्याला जिन्यात उभं करून तीन-तीनदा म्हणायला लावलं.

अमेरिकेतल्या प्रोव्हो गावी यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. जपानला निघणाऱ्यांना तिथे दोन-एक महिने भाषा शिकवतात. कामापुरती प्रार्थना आणि प्रवचन येतं. बाकीचं सगळं इथल्या जिन्यांत, दुकानांत, इंटरकॉमवर. दोन वर्षांनी बाहेर पडणारा मुलगा जे जपानी बोलतो ते मी इतकी वर्षं इथे राहून बोलू शकत नाही. जपानी टीव्हीवर गाजलेले केंट गिल्बर्ट हे अमेरिकन वकील १९७१ मध्ये पहिल्यांदा जपानला आले ते असेच, मिशनरी पोरगा म्हणून. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात जपान बदलतं ते नावापुरतंच; बदलतो तो हा पोरगा. चर्चला हे कळत नसेल असं नाही. जो मुलगा दोन वर्षं रोज नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालतो, तो घरी गेल्यावर चर्च सोडेल कशाला?

मला खटकतात ते आकडे. रविवारी सभा झाली की संध्याकाळी आठवड्याचा हिशोब वर पाठवायचा असतो: नवी माणसं किती भेटली, सभेला कितींना आणलं, बाप्तिस्म्याची तारीख कुणी ठरवली का. एका रविवारी धाकटा लिफ्टमध्ये भेटला, चेहरा उतरलेला. सगळ्या रकान्यांत शून्य. मी म्हटलं, ‘अरे, आजींची कपाटं हलवलीत ती कुठल्या रकान्यात?’ तो म्हणाला, तसा रकाना नाही. विक्री खात्यातल्या माणसाला महिनाअखेरीला जे होतं ते एकोणीस वर्षांच्या पोराला दर आठवड्याला का व्हावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. कुणी राहतं, कुणी जातं. दोन दिवस आधी फोन येतो. थोरल्याची बदली ओकायामाला झाली. सायकल मागेच राहिली, ती पुढच्याला लागते. बॅगा खाली आणताना आजींनी त्याला तांदळाच्या भाकऱ्यांसारख्या कुरकुरीत सेंबेईचा डबा दिला आणि ‘आता माझं इंग्रजी कोण बघणार’ म्हणून झापलंही. त्याच्या जागी आला तो ब्राझीलचा, बोलका, आल्या आल्या सगळ्या इमारतीशी ओळख करून घेतली.

आमच्या दारात आला तेव्हा त्याने आधीच विचारलं, ‘यजमान घरी आहेत ना?’ मी म्हटलं, तुला कसं ठाऊक? त्याने हातातला फोन दाखवला. प्रत्येक भागातल्या प्रत्येक घराची नोंद यांच्याकडे असते. जाणारा लिहून जातो, येणारा वाचतो. आमच्या नावापुढे थोरल्याने लिहून ठेवलं होतं: भारतीय कुटुंब. धर्मात रस नाही. शनिवारी जा. पिवळ्या भातातली हिरवी पानं खायची नसतात.